सूर धरणारे भागवततात्या

गावाहून तात्यांच्या बाळूदादाचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होते. नगरला पोलीस भरती चालू होती, मुलींची आठशे मीटर धाव सुरू होती आणि माझी ड्यूटी शेवटच्या रेषेच्या पलीकडे होती. पळून आलेल्या मुलींना सावरायचं, बसू द्यायचं नाही, थोडं चालवायचं, पाणी घटाघटा पिऊ द्यायचं नाही, असं ते काम. खिशात मोबाईल सारखा थरथरत होता, पण बघायला सवड कुठली? एक मुलगी रेषा ओलांडून सरळ माझ्या अंगावरच आली. ओठ पांढरे पडलेले, खांदे कानापर्यंत चढलेले आणि तोंड उघडं टाकून ती नुसती हवा ओढत होती. "मॅडम, श्वासच येत नाहीये..." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "येईल. आधी सोड. ओठांची चोच कर, फुंकर घाल, आत आहे तेवढा सगळा सोड." तिनं एक फुंकर घातली, दुसरी घातली, तिसरीला तिचे खांदे खाली आले आणि डोळ्यांत ओळख परतली. "पास झाले का हो?" असं तिनं विचारलं तेव्हा मला हसू आलं. तिला पुढच्या बाईंच्या हाती देऊन मी फोन पाहिला. बाळूदादाचे सात मिस्ड कॉल. मी लावला. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "मंगे, तात्या गेले... पहाटं."

ज्यांचं वाक्य माझ्या तोंडात अजून गरम होतं, ते माणूस गेलं होतं. मी मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले. रडू आलंच. पण खरं सांगते, त्या क्षणी मला रडण्यापेक्षा पळावंसं वाटत होतं. शिट्टी वाजली, पुढची तुकडी सुटली, मातीतून पावलांचा तो धडधड आवाज आला आणि माझ्या छातीत दहा वर्षांपूर्वीची ती सकाळ पुन्हा उसळी मारून उठली. आज ह्या गोष्टीला काही आठवडे झालेत. तरी तात्यांची आठवण आली की मला अजून तसंच होतं. पाय स्वस्थ राहत नाहीत.

भागवततात्या आमच्या पुणतांब्याचे. आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. लग्नकार्यात, देवळाच्या उत्सवात सनई वाजवणारा जो ताफा असतो, त्यात ते होते. पण ते सनई वाजवत नसत. सनईवाल्याच्या शेजारी एकजण बसलेला असतो, त्याच्या हातात सनईसारखंच वाद्य असतं आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर लावून धरतो. त्या वाद्यालाच आमच्याकडे सूर म्हणतात. तात्या उभा जन्म सूर धरणारे राहिले. लोक चेष्टा करायचे, "तात्या काय वाजवतात? काही नाही, नुसतं पूंऽऽ." तात्यांना त्याचं काही वाटत नसे. म्हणायचे, "सनईवाला नवरदेव, मी करवला. फोटो त्याचाच निघायचा. पन करवला बाजूनं सरकला की नवरदेव लगीच इकडंतिकडं बघाया लागतो."

हा एक सूर अखंड ठेवणं ही केवढी विद्या आहे, हे मला फार उशिरा कळलं. माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो, मग सूर तुटत कसा नाही? तर तात्या गालांत हवा साठवत. गालांतली हवा वाद्यात ढकलत असतानाच नाकानं नवी हवा आत घेत. एकीकडून जातंय, दुसरीकडून येतंय आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. लग्नात आपण जेवत असतो, नवरीचे मामा रुसलेले असतात, कुणाची चप्पल हरवलेली असते आणि मागे कुठंतरी तो सूर चालूच असतो.

माझी कथा साधी आहे. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, आई कांद्याच्या खळ्यावर निवडीला. मी राहात्याला कॉलेज केलं, बी.ए. झाले. आमच्या घरात पदवीचा कागद आला तो पहिला माझा. आईनं तो देव्हाऱ्यात दोन दिवस ठेवला होता आणि वडिलांनी त्याला हात लावण्याआधी हात धुतले होते. पण कागदानं चूल पेटत नाही, म्हणून मी पोलीस भरतीला लागले. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. मला मारत होती ती धाव. दोनदा मैदानात उतरले, दोनदा नापास. पहिले चारशे मीटर मी सगळ्यांच्या पुढे असे. मग छातीत कुणीतरी गच्च गाठ मारल्यासारखं व्हायचं, बरगडीखाली कळ यायची, पाय लाकडाचे व्हायचे. पहिल्या वेळी मी ट्रॅकवर बसलेच. दुसऱ्या वेळी चालत रेषा ओलांडली. तिसऱ्या भरतीची जाहिरात निघाली तेव्हा आई म्हणाली, "मंगल, ही शेवटची. मी तुझ्या पायात बेडी घालीत न्हाई, पन आता माझा धीर व्हत न्हाई. न्हाई जमलं तं उद्यापासून माझ्यासंगं खळ्यावर यायचं." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? देव्हाऱ्यात दोन दिवस राहिलेला तो कागद घेऊन मी कांदे निवडायला बसणार का नाही, एवढंच त्या धावेवर लटकलं होतं.

माझ्या पळण्याला आईची मदतही होती. तीच सगळ्यात घातक. मी सराव करायला निघाले की आई जुनी हिरवी ओढणी घ्यायची आणि माझ्या पोटाला घडी घालून गच्च आवळून बांधायची. तिचं म्हणणं असं, की सरपणाची मोळी उचलताना बाई कंबर आवळते, दम छातीत कोंडते, तेव्हा कुठं मोळी डोक्यावर चढते. आवळलं नाही तर माणूस मोडून पडेल. मलाही ते पटलेलं. त्यात शाळेतल्या सरांनी सांगितलेलं, तोंड मिटून फक्त नाकानं श्वास घ्या, तोंड उघडलं की दम गेला. म्हणजे पोट बांधलेलं, तोंड मिटलेलं आणि मी पाटाच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर जीव खाऊन पळतेय!

त्या रस्त्यावर पाटाला तीन मोऱ्या आहेत. दुसऱ्या मोरीवर तात्या रोज सकाळी रियाजाला बसत, कारण घरी वाजवलं की काकू भांडी आपटत. महिनाभर ते मला पाहत होते. एक दिवस मी त्यांच्यापुढेच कठड्याला धरून वाकले. ओकारी येईल असं वाटत होतं. तात्यांनी तोंडातला सूर काढला.

"मंगे, पळतीस का कुनाशी भांडतीस?"

"तात्या, दम पुरत नाही..."

"पुरत न्हाई? अगं, दम तुझ्यापाशी लई साचलाय. तू सोडीतच न्हाईस. भरल्या हंड्यात पानी वततीस आन म्हनतीस, पानी आत जात न्हाई."

मग त्यांची नजर माझ्या टी-शर्टाखालच्या फुगीर गाठीवर गेली. "त्ये पोटाला काय बांधलंय?" मी सांगितलं, ओढणी, आईनं बांधलीय. तात्या एवढे हसले की त्यांना खोकला आला. "आरं देवा! भात्याला दोरी बांधून लोहार बसला तं इस्तू पेटंल का? सोड ती आधी." मी पाठमोरी होऊन गाठ सोडली. पोट सुटलं आणि खरं सांगते, मला वाटलं कुणीतरी घराच्या खिडक्या उघडल्या. तात्या म्हणाले, "आता ओठांची चोच कर आन फुंकर घाल. सोड... सोड... अजून सोड. आता काय बी करू नको. थांब." मी थांबले. आणि आतली हवा आपोआप, मी न ओढता, पोटापर्यंत गेली. तात्यांनी बोट वर केलं. "बघ, घेवा लागत न्हाई. त्यो येतोच. सोडन्याचीच काय ती मेहनत."

संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले. आई भाकरी करत होती. त्यांचं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण तेव्हा माझा जीव दोघांच्या मध्ये टांगलेला होता.

"वैनी, पोरगी मोळी न्हाई उचलीत, पळतीय."

"तुमाला काय ठावं वो पळन्यातलं? जल्मभर मांडी घालून तं बसला."

"मांडी घातली, पन दम तं बसू दिला न्हाई ना? मोळीला येकच दम लागतो. त्यो धरायचा, मोळी चढली की सोडायचा. पळन्यात त्यो येत-जात ऱ्हायला पायजे."

"आन नापास झाली तं?"

"तं मला बोला."

"बोलीन. समद्या गावाम्होरं बोलीन, सांगून ठिवते."

"बोला की. आजपर्यंत गावाम्होरं माझं नाव तरी कुनी घेतलंय?" असं म्हणून तात्या हसत गेले. आईनं तव्यावरची भाकरी उलटली ती करपली होती. पण दुसऱ्या सकाळी तिनं ओढणी हातात घेतली नाही.

तात्यांची शिकवणी सुरू झाली ती पळण्यानं नाही. त्यांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून आणला, तांब्यात पाणी घेतलं आणि देठ बुडवून फुंकायला लावलं. बुडबुडे सारखे यायला हवेत, मोठे नको, बारीक नको, मध्ये खंड नको. मी गाल फुगवून जोरात फुंकायची आणि पाणी तोंडावर उडायचं. आई खळ्यावर जाता जाता म्हणायची, "झाली बाई पोलीस. पान्याला शिट्ट्या मारतीय." आठवडाभरानं बुडबुडे एका लयीत येऊ लागले. मग तेच चालताना, मग हळू पळताना. दोन पावलांत श्वास आत, तीन पावलांत बाहेर. खांदे सैल, मूठ सैल, पोट मोकळं. नाकाचं काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "चालताना नाक पुरं. पळताना तोंड बी उघड. घराला दोन दारं हायेत, वरात आल्यावर येक दार लावून कोन बसतं?"

आणि मग जे झालं त्यानं मी पार खचले. माझी वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडली. पावलं मोजू का श्वास मोजू, अशी गडबड व्हायची. तीन आठवडे मी आधीपेक्षा हळू पळत होते आणि भरती तोंडावर आली होती. एक दिवस मी मोरीवर बसून रडले. "तात्या, ह्यापेक्षा आधीचं बरं होतं. निदान चारशे मीटर तरी पुढे असायचे." तात्या रागावले नाहीत. ते पत्ती ओठांत भिजवत बसले होते. सूर फुंकताना तोंडात धरायची ताडपत्राची ती बारीक पत्ती वाळली की वाजत नाही. ती काढून ते म्हणाले, "पयले चारशे तू भीतीनं पळत हुतीस. भीतीचं पेट्रोल लगीच जळतं. आता भीती गेली, म्हनून हळू झालीस. आता पाय आन. दम म्या दाखवला, पाय तुझे तुला आनायला पायजेत." मग त्यांनी मला गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या चढायला लावल्या. एक खेप, पाच खेपा, दहा खेपा. श्वास सुटला की पुन्हा खाली. पुढे पोलीस प्रशिक्षणात आमच्या मॅडमनी हेच नीट समजावलं. श्वासाच्या युक्तीनं पायांत ताकद येत नाही, ताकद सरावानंच येते. पण श्वास संथ आणि पुरा सुटला की छाती आवळत नाही, मानेचे खांद्याचे स्नायू उगाच थकत नाहीत, धाप लागल्याची घाबरगुंडी कमी होते आणि आहे ती ताकद शेवटपर्यंत पुरते. मी वर्गात बसून मनात म्हणत होते, मॅडम, हे आमच्या मोरीवर शिकवतात.

भरतीच्या आधीची शेवटची चाचणी मी जन्मात विसरणार नाही. तात्यांचा मुलगा बाळूदादा याच्याकडे जुनी मोपेड होती. त्यानं आधी सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, चिंधीचे फेरे मोजत पहिल्या मोरीपासून आठशे मीटर मापले. ते तिसऱ्या मोरीच्या जरा पुढे, बाभळीपाशी भरले. सकाळी बाळूदादा मोपेडवर बसला. तात्या त्याच्या मागे उलटे बसले, तोंड माझ्याकडे, एका हातानं कॅरिअर धरलेलं, दुसऱ्या हातात सूर. म्हणाले, "मंगे, मी सूर लावतो. म्या सोडीपर्यंत तू थांबायचं न्हाई. तू थांबली न्हाईस तं म्या सोडनार न्हाई. बोल, कबूल?"

"कबूल!"

आणि सूर लागला. पूंऽऽऽ... मोपेड सुटली, मागे मी. समोर तात्यांचे फुगलेले गाल, मोठे झालेले डोळे. दोन पावलं आत, तीन बाहेर. पाटाच्या पलीकडून कांद्याच्या खळ्यावर निघालेल्या बायकांचा टेम्पो आला. त्यात आईही होती. सुराचा आवाज ऐकून टेम्पो थांबला. एक बाई ओरडली, "आगं, ही कशाची वरात? नवरा कुठंय?" दुसरी म्हणाली, "नवरा पुढं पळाला आसंल, म्हनून तं ही मागं लागलीय!" सगळ्या बायका हसतायत, कुत्री भुंकतायत, तात्या डोळ्यांनी मला दटावतायत की हसू नको, श्वास सोड, श्वास सोड! दुसरी मोरी गेली. नेहमी इथंच माझी छाती आवळायची. मी वाट पाहत होते कळ कधी येते याची... आलीच नाही. धाप होती, भरपूर होती, पण ती माझ्या मागून चालली होती, माझ्या मानेवर बसली नव्हती. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिसरी मोरी आली, बाभूळ आली आणि मी ती ओलांडून पुढे पळतच राहिले, कारण तात्यांनी सूर सोडला नव्हता! शेवटी बाळूदादाच ओरडला, "बस करा आता, पेट्रोल संपंल!" तेव्हा तात्यांनी तोंडातून सूर काढला. मागून टेम्पोतून आईचा आवाज आला, "मंगल! पाय लाव, पाय!" शर्यत संपली होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रत्यक्ष भरतीच्या दिवशी सूर नव्हता, मोरी नव्हती, मोपेड नव्हती. शिट्टी वाजली आणि नव्यानं आलेल्या मुली वाऱ्यासारख्या पुढे सुटल्या. मी शेवटून तिसरी होते. जुनी मंगल असती तर तिथंच घाबरली असती. मी फुंकर घालत पळत होते, फू... फू..., तर शेजारची मुलगी म्हणाली, "ए, इंजिन आहेस का गं?" पहिल्या वळणावर एकीला मागे टाकलं. मग दुसरीला. मग एका वळणावर कुणाचा तरी कोपर माझ्या पोटात बसला आणि माझी लय गेली. आत का बाहेर, दोन का तीन, काही कळेना. छाती आवळायला लागली. पुढे अजून बराच ट्रॅक होता आणि त्याच्या शेवटी एकीकडे वर्दी होती, दुसरीकडे कांद्याचं खळं. मला तात्यांचे फुगलेले गाल दिसले. ते सोडत नाहीत, तर मी कशी सोडू? मी ओठ आवळले आणि होता नव्हता तेवढा श्वास बाहेर टाकला. अगदी रिकामी झाले. आणि तो आला... पोटापर्यंत आला! पुढचे दोनशे मीटर मी पळाले का उडाले, मला सांगता येणार नाही. रेषा ओलांडली, वेळेची पाटी पाहिली आणि तिथंच उड्या मारायला लागले. हवालदार बाई म्हणाल्या, "अगं, दमली नाहीस का?" मी म्हणाले, "दमले की! खूप दमले!" आणि पुन्हा उडी मारली.

निवडीची यादी लागली त्या संध्याकाळी आई सरळ चौकात गेली. तात्या पारावर बसले होते, दहा-वीस माणसं होती. आई पदर खोचून उभी राहिली. "तात्या, म्या बोलले हुते, नापास झाली तं गावाम्होरं बोलीन. पास झाली, पन मला बोलायचंच हाय." ती माणसांकडे वळली. "ह्या मानसानं माझ्या लेकीला दम दिला. आमाला वाटायचं, ह्यो नुसता पूं करतो." एवढं बोलून तिनं पिशवीतून तीच हिरवी ओढणी काढली, धुऊन घडी केलेली, आणि शाल घालावी तशी तात्यांच्या खांद्यांवर घातली. तात्या आयुष्यात पहिल्यांदा गोंधळले. म्हणाले, "वैनी, पोटाला नका बांधू म्हंजी झालं." पार हसला. त्या दिवसापासून तात्यांचा सूर त्या ओढणीत गुंडाळलेला असे.

पुढे मी नोकरीत रमले. गावात सनईच्या जागी रेकॉर्ड आली, बाळूदादानंही डीजेचा टेम्पो घेतला. तात्यांना त्याचं वाईट वाटलं का, मला माहीत नाही. ते म्हणायचे, "पोटापान्याचं हाय, वाजवू दे." दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. ज्या माणसानं माझ्यासाठी आठशे मीटर सूर धरला, त्याला खाटेवरून ओट्यापर्यंत जायला तीन ठिकाणी थांबावं लागे. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा एक तरुण फिजिओथेरपीवाल्या मॅडम त्यांना शिकवत होत्या, "आजोबा, ओठ असे चिमटायचे, मेणबत्ती विझवल्यासारखी हळू फुंकर घालायची, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा." तात्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. नंतर धापा टाकत म्हणाले, "मंगे... हिला तू... भेटलीस वाटतं." पण एकदा रात्रपाळी संपवून मी सकाळी पोचले, तर ते खरंच घाबरले होते. उठून बसलेले, खांदे वर चढलेले, हवा ओढत होते. मी त्यांचा हात धरला. "तात्या, आधी सोडा. भरल्या हंड्यात पाणी ओतू नका." त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग ओठांची चोच केली. आम्ही दोघं फुंकर घालत बसलो. फू... फू... खांदे हळूहळू खाली आले.

तेव्हा ते बोलले. "तुला येक सांगायचं ऱ्हायलं. त्या दिशी... मोपेडवर... सूर तुटला हुता."

"कधी? नाही तात्या, मी ऐकत होते की."

"दुसऱ्या मोरीपाशी. बाळ्यानं गाडी खड्ड्यात घातली. पत्ती दातावर बसली. तुटला. म्या परत धरला. तुला तुझ्या धापंत ऐकू आलं न्हाई."

मी थक्क झाले. दहा वर्षं मी लोकांना सांगत होते की आमच्या तात्यांनी आठशे मीटर अखंड सूर धरला होता. "मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तेव्हा सांगितलं असतं तं... तू म्हनली असतीस, तात्याचा तुटला, मंग माझा बी तुटला तं चालंल." ते थांबले, फुंकर घातली, श्वास येऊ दिला. "आता सांगतो, कारन आता तुला कळंल. सूर समद्यांचा तुटतो. ज्याला परत धरता येतो, त्यालाच... सुरवाला म्हनत्यात."

ती आमची शेवटची नीट भेट. त्यांच्या दशक्रियेला घाटावर मी गेले, आईही होती. तिथं मी काही बोलू शकले नाही, म्हणून हे लिहिते आहे. मला पदवी कॉलेजनं दिली, वर्दी सरकारनं दिली, पण दोन्ही टिकवायला लागणारा दम मला ज्या माणसानं दाखवला त्याचं नाव कुठल्या प्रमाणपत्रावर नाही. त्याची मला फार चुटपुट लागून राहिली होती.

मागच्या रविवारी सुट्टीवर गेले आणि सकाळी पाटाच्या रस्त्यावर चक्क सूर ऐकू आला. मी चपलांनिशी धावत गेले. दुसऱ्या मोरीच्या कठड्यावर बाळूदादा बसला होता, मांडीवर हिरवी ओढणी, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. रस्त्यावर गावातल्या तीन मुली भरतीचा सराव करत होत्या. मला पाहून त्यानं सूर काढला आणि ओशाळून म्हणाला, "पोरी मागं लागल्या. म्हनल्या, तात्यांवानी सूर लावा. मला कुठं येतंय? आर्धा मिनिट झालं की तुटतो." कठड्यावरचा तांब्या आणि पपईचा देठ त्यानं मला लाजत दाखवला. डीजेवाल्याच्या शर्टाचा पुढचा भाग पाण्यानं भिजलेला होता.

मी बूट घालून आले. मुलींच्या मागे उभी राहिले. बाळूदादानं पत्ती ओठांत भिजवली, सूर लावला आणि आम्ही चौघी सुटलो. दोन पावलं आत, तीन बाहेर. वय झालंय, धाप लवकर लागली, पण ती मागून चालत राहिली. आम्ही दुसऱ्या मोरीपासून थोडं पुढे गेलो आणि त्याचा सूर तुटला. एक मुलगी वळून बघायला लागली. "बघू नको," मी ओरडले, "श्वास सोड!" पुढची दहा-बारा पावलं नुसत्या आमच्या फुंकरी ऐकू येत होत्या. मग मागे, मोरीवर, सूर पुन्हा लागला.